नरसय्याचा ताणा आणि पाच माणसांचा हुकूम

या गं, जवळ या. एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर, असं उभं राहून कुणाची हकिकत ऐकतात का? मी सोलापूरहून आल्यापासून बघते आहे. विहिरीवर भेटाल तिथे विचारता, "काय हो काकू, त्या सोलापूरकरांना कसली मस्ती आली होती? गिरण्या आहेत, माग आहेत, हाताला काम आहे, मग सरकारशी भांडायचं काय अडलं होतं?" आणि मी तोंड उघडते न उघडते तोच कळशी डोक्यावर घेऊन चालू लागता. विचारायची हौस तेवढी, ऐकायची नाही. म्हणून आता लिहूनच काढलं आहे. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी भोवती बसावं आणि मध्ये बोलू नये. बोलायचं ते सगळं मी बोलले आहे.

आधीच सांगते, मी काही सरकारच्या विरुद्धची बाई नव्हे. आमचे हे पलटणीत जमादार होते, लढाईच्या वेळी मेसोपोटेमियात जाऊन आले, आणि त्यांच्या माघारी माझी चूल सरकारच्या पेन्शनीवरच पेटते. माझ्या बहिणीचा मुलगा दत्तू सोलापूरला एका गिरणीत कारकून आहे. तो पत्रातून स्वराज्य, परदेशी कापड, मिठाचा कायदा असलं काही लिही. मी उलट लिही, "बाबा, आधी वेळेवर जेवत जा, मग देश सोडव." या वैशाखात त्याची बायको सुमन बाळंत झाली. तिला आई नाही, सासू म्हणजे माझी बहीण अंथरुणाला खिळलेली. मग बाळंतिणीला न्हाऊ घालायला दुसरं कोण जाणार? निघाले.

घाटावर

आंब्याच्या घाटातून मोटारीने जायचं म्हणजे पोटातलं सगळं ओठांशी येतं, हे तुम्हाला माहीतच आहे, ते सांगत नाही. एवढंच सांगते की मी सुमनसाठी कोकमाच्या आगळाची बाटली घेतली होती, ती वळणावर फुटली आणि शेजारी बसलेल्या गृहस्थांचं पांढरं स्वच्छ धोतर लालेलाल झालं. त्यांना कोल्हापुरात मुलगी बघायला जायचं होतं. ते पुढे सबंध वाट माझ्याशी बोलले नाहीत. मी दोनदा म्हटलं, "लिंबू लावा, जाईल." पण ऐकलं नाही.

मिरजेला छोट्या गाडीत बसले. तिला गाडी म्हणायचं म्हणून म्हणायचं. शेतातली बाई हाक मारून विचारी, "कुटं निगालाव?" आणि आमच्या डब्यातला माणूस सावकाश उत्तर देई, तरी तिला ते पुरतं ऐकू जाई. बाहेर बघावं तर झाड म्हणून नाही. काळी जमीन भेगाळलेली, वर आभाळ पांढरं पडलेलं, मध्ये कुठे एखादं बाभळीचं झुडूप आणि त्याच्या टीचभर सावलीत चार मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकं घालून उभ्या. आपल्याकडे कोपऱ्यावर गेलं तरी फणसाखालून जावं लागतं. मला तर उघड्यावर आंघोळ करत असल्यासारखं अवघडायला झालं.

कुर्डुवाडीला गाडी बदलायची. तिथला चहावाला म्हणाला, "सोलापूरला निगालाव व्हय आजी? नका जाऊ. तितं गोळीबार झालाय. लष्कर आलंय, मार्शल लॉ हाय."

"म्हणजे काय?"

"म्हंजी सायेब म्हनंल तसं. उटा म्हनला तर उटायचं, बसा म्हनला तर बसायचं."

"परतीची गाडी कधी आहे?"

"आता उद्याच की."

"मग तुझ्या या फलाटावर रात्र काढण्यापेक्षा पुढे जाऊन उठते-बसते," म्हटलं आणि चढले गाडीत.

बोडका दत्तू

सोलापूरच्या फलाटावर गोरे शिपाई बंदुका घेऊन उभे. उन्हाने त्यांची नाकं सोलवटलेली. मला दयाच आली, खरं सांगते. कुणाची कुठची पोरं, आयांनी लोकरीत गुंडाळून थंडीपासून जपलेली, आणि ही आणून या तव्यावर ठेवली.

दत्तू आला तो बोडका. डोक्यावर टोपी नाही, वरून आग.

"अरे, टोपी कुठे तुझी? मला वाटलं घरात कुणी गेलं!"

"मावशी, हळू बोल. पांढऱ्या टोपीला बंदी आहे. दिसली की काढून घेतात, वर मारतात."

"मग काळी घाल."

"काळ्या टोप्या बाजारात उरल्या नाहीत. सगळ्यांनी घेतल्या."

आता यात काय म्हणायचं? चांगलं शहाण्यासुरत्या माणसांचं गाव, आणि रस्त्याने बघावं तिथे पुरुष डोक्याला हात लावून चाललेले, ऊन लागतं म्हणून. आमच्या टांगेवाल्याने डोक्याला बायकोची चोळी गुंडाळली होती. मला म्हणाला, "अम्मा, हसू नक्को. चोळीपर हुकूम नै."

दत्तू राहतो तो विणकरांच्या पेठेत. ही तेलगू माणसं, पद्मसाळी म्हणतात त्यांना, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, मराठी फडाफडा बोलतात. खालच्या मजल्यावर घरमालक नरसय्या, त्याची बायको राजम्मा आणि धाकटी लेक लच्चम्मा. माडीवर दत्तू आणि सुमन. खालच्या खोलीत जमिनीत खड्डा करून त्यात माग बसवलेला. नरसय्या पाय खड्ड्यात सोडून बसतो आणि पहाटेपासून खटक-खटक, खटक-खटक. एका घरात नाही, सगळ्या गल्लीत. पहिल्या दिवशी माझं डोकं उठलं. तिसऱ्या दिवशी समोरचा माग बंद पडला तर मलाच चुकल्यासारखं झालं.

जेवायला ज्वारीची भाकरी. चांगली असते, पण बायांनो, तीच दोन्ही वेळा! भाताचा गोळा बाळंतिणीपुरता. शेंगदाण्याची चटणी मात्र अशी की नुसती खावी. राजम्मा चिंचेचं पातळ आंबट करते, चारू म्हणते त्याला, उन्हातून आलं की वाटीभर प्यावं. मी तिला सोलकढीचं सांगितलं. कोकम दाखवलं तर म्हणाली, "हे काय अम्मा, वाळलेले कान?"

पेज

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर अंगणातल्या चुलीवर एक मोठं पातेलं. आत पांढरी, दाट, गरम गरम पेज. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, आहे, इथेही शहाणी माणसं आहेत. वाडगाभर घेतली, वर मीठ टाकलं आणि भिंतीला टेकून निम्मी संपवली. जरा तेलकट लागली, पण परगावी नावं ठेवू नयेत.

तेवढ्यात राजम्मा आली आणि किंचाळली, "अय्यो अम्मा! ती खळ हाय की! सुताला लावायची!"

ती, लच्चम्मा, शेजारच्या बाया पोट धरधरून हसल्या. नरसय्या फार कमी बोलणारा माणूस, तोही म्हणाला, "न्हाय, बरं झालं. अम्मा आता दोन दिस ताठ राहतील."

हसणं ओसरल्यावर त्यांनीच मला दाखवलं. साडी विणायची तर आधी उभे धागे हवेत, तो ताणा. तो ताणा पार गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्त्यावर पसरायचा, मध्ये मध्ये बांबूच्या कैच्यांवर उचलून धरायचा, त्याला खळ लावायची आणि लगेच मोठाले कुंचे घेऊन दोन्ही बाजूंनी विंचरत जायचं. दोघे-तिघे टोकाला ओढ धरून, काहीजण खळ लावत, काही कुंचे मारत, बाया मधून तुटलेले धागे जुळवत. दहा-बारा माणसं लागतात. सगळं उन्हं चढायच्या आत. खळ विंचरण्याआधी वाळली की धाग्याला धागा चिकटला, ताणा गेला. याला पांजणी म्हणतात. एकट्याच्या घरची माणसं पुरत नाहीत, म्हणून आज याची, उद्या त्याची, अशी सगळी गल्ली सगळ्यांच्या पांजणीला येते. आपल्याकडे लावणीला एकमेकांच्या शेतात जातो ना, अगदी तसं.

आणि हा ताणा साधा नव्हता. लच्चम्माचं लग्न ज्येष्ठात ठरलेलं. तिच्या थोरल्या दोघी बहिणी बापाच्या मागावरची साडी नेसून सासरी गेल्या. हिचीही या ताण्यावर व्हायची होती, हळदीच्या रंगाची, लाल काठांची. सूत रंगवून आणलं, ताणा करून ठेवला, आणि इकडे मार्शल लॉ आला. रंगाऱ्याचं दुकान बंद, बाजार बंद. म्हणजे होतं ते सूत एवढंच.

"मग करा की पांजणी," मी म्हटलं.

राजम्माने भिंतीकडे बोट केलं. हुकूम चिकटवला होता. रस्त्यावर पाचांहून जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही.

"अहो, पण हे जमणं थोडंच आहे? हे काम आहे."

"आमाला कळतं अम्मा," नरसय्या म्हणाला, "कागुदाला कुटं कळतं?"

त्या दिवशी त्यांनी पाचांतच करून पाहिली. नरसय्या, त्याचा भाऊ, राजम्मा, लच्चम्मा आणि शेजारचे एक म्हातारे विणकर. मी माडीच्या खिडकीतून बघत होते. रात्रीची संचारबंदी उठेपर्यंत ऊन वर आलेलं. टोकाला ओढ धरायला माणूस ठेवावा तर खळ लावायला कमी, खळ लावावी तर कुंच्याला कमी. नरसय्या या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होता. त्यात वारा सुटला. मधला भाग वाळून पापडासारखा कडक झाला. राजम्मा हातातला कुंचा टाकून रस्त्यात मटकन बसली आणि नवऱ्याला, सरकारला, वाऱ्याला, व्याह्यांना, सगळ्यांना एका दमात शिव्या दिल्या. तेलगूत दिल्या, पण मला सगळ्या कळल्या.

मग तो ताणा पाण्यात भिजवून खळ काढली आणि आम्ही बाया घरात बसून धाग्यातून धागा सोडवत राहिलो. बाळाला न्हाऊ घालायचं, सुमनला शेक द्यायचा आणि खाली येऊन धागे सोडवायचे. डोळे फुटायची वेळ आली. म्हातारे विणकर बोटांवर सूत घेऊन म्हणाले, "आनि एकदा असं वाळलं तर तुटंल. मग काय न्हाय."

साहेबाच्या बंगल्यात

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी पोरीची साडी अडावी? साहेब काही राक्षस नसतो. आमच्या ह्यांचे साहेब किती चांगले होते. दत्तूला म्हटलं, "चल, मला लष्करातल्या साहेबाकडे ने."

"मावशी, तिथे कुणी आपण होऊन जात नाही."

"म्हणूनच तो बसला असेल वैतागून. चल."

नरसय्या नको म्हणाला, पण मी निघालेच.

बंगल्याच्या दारात तास दोन तास उन्हात उभं केलं. मी पलटणीचं नाव सांगितलं, ह्यांचं नाव सांगितलं, तेव्हा आत घेतलं. आणि खोटं कशाला बोलू, साहेब उठून उभा राहिला. खुर्ची दिली. चहा मागवला. तरुणच होता, भुवया पांढऱ्या. म्हणाला, तुमचे यजमान बादशहांचे शूर शिपाई होते. दत्तू बाजूला उभा राहून इंग्रजीचं मराठी करत होता.

मी म्हटलं, "ते राहू दे. आधी हे बघ." आणि मी माझ्या पिशवीतला दोरा काढून त्याच्या दौतीला बांधला, दुसरं टोक खुर्चीच्या पाठीला बांधलं, आणि कोण कुठे उभा राहतो, काय करतो, का पाचांत होत नाही, सगळं दाखवलं. त्याने मन लावून बघितलं. दोन प्रश्नही विचारले, अगदी नेमके. मला वाटलं, झालं काम.

"समजलं मला," तो म्हणाला. "फार नाजूक काम आहे."

"मग द्या परवानगी. एकच सकाळ. ऊन चढायच्या आत आवरतात."

"तसं मला करता येणार नाही. पाच म्हणजे पाच."

"पाच कुणी ठरवले? सहा का नाहीत? बारा का नाहीत?"

तो जरासा हसला. म्हणाला, हुकूम वरून आला आहे. बदलायचा तर पुण्याला लिहावं लागेल.

"मग लिहा."

"पुणं मुंबईला विचारील."

"मुंबईला पांजणी ठाऊक आहे?"

"नसावी."

"मग मुंबई कुणाला विचारील?"

आता त्याने नुसते खांदे उडवले आणि वर छताकडे पाहिलं. मलाही वाटलं, बसला आहे की काय कोणी तिथे.

"लग्न ज्येष्ठात आहे हो," मी म्हटलं. "तोवर उत्तर येईल?"

"नाही येणार." तेही त्याने सरळ सांगितलं. मग जणू मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "आमच्या मुलखात हे काम यंत्रावर एकटा माणूस करतो. तुमच्या लोकांनी तसं का करू नये?"

"मग तुमच्या मुलखात करा!" मी म्हणाले. दत्तूने त्याचं इंग्रजी केलंच नाही. पण साहेबाला कळलं असावं, कान लाल झाले त्याचे. तरीही उठून दारापर्यंत पोचवायला आला.

बायांनो, त्याने मला शिव्या दिल्या असत्या तरी मी एवढी तापले नसते. चांगला होता तो! समजतही होतं त्याला! पण ज्याला समजतं त्याच्या हातात नाही, आणि ज्याच्या हातात आहे तो समुद्रापलीकडे बसलेला, त्याने ही गल्ली जन्मात बघितलेली नाही. आपला खोत काय कमी छळतो? पण त्याच्या फाटकाशी उभं राहून मी ओरडले तर त्याच्या म्हाताऱ्या आईला ऐकू जातं, ती संध्याकाळी त्याला चार शब्द सुनावते, आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी निघतं. इथे कुणाच्या फाटकाशी ओरडायचं? टांग्यात दत्तू काहीतरी समजावत होता, मी त्याला गप्प बस म्हटलं. चहा प्यायले त्याचाच राग येत होता.

गल्लीत

नरसय्याने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला. मग उठून एकेका दाराशी गेला. उद्या पांजणी, येता का? समोरचा मोठ्या मिशांचा विणकर, ज्याच्या प्रत्येक पांजणीला नरसय्या गेलेला, तो म्हणाला, "अन्ना, पोरं ल्हान हायती माजी." आणि दार लावलं. दुसऱ्याने लावलं, तिसऱ्याने लावलं. त्यांना तरी काय बोलायचं? त्या आठवड्यात फटके खाऊन आलेले लोक पेठेत होते.

दत्तूही म्हणाला, "गिरणीत कळलं तर माझी नोकरी जाईल."

"पत्रात तर रोज देश सोडवतोस," मी म्हटलं. "इथे नुसता दोर धरायचा आहे."

सुमन पडल्या पडल्या म्हणाली, "जा हो. बाळाला सांगायला होईल काहीतरी." मग आला.

सकाळी ताणा पसरला. आम्ही होतो नरसय्या, भाऊ, राजम्मा, लच्चम्मा, म्हातारे विणकर, दत्तू, राजम्माची बहीण आणि मी. मला तुटले धागे जुळवायला बसवलं होतं. हाताला खळ, डोक्यावर पदर, पाठ मोडलेली. काम कसं चाललं होतं म्हणून सांगू, कुंचा फिरला की ओला पिवळा ताणा ऊन पडल्यासारखा चमके. निम्मा झाला असेल, आणि कोपऱ्यावरून बूट वाजले.

गोरा सार्जंट, मागे शिपाई. त्याने आम्हाला बोटाने मोजलं. एकदा मोजलं, मग पुन्हा. मोडक्या हिंदुस्थानीत ओरडला, "पाँच! पाँच! जाव!"

नरसय्या हात जोडून म्हणाला, "सायेब, थोडं ऱ्हायलंय. येवडं हुंदे, मग मला न्या. पळत न्हाय मी." कुंचा मात्र थांबवला नाही. हात जोडायचे आणि पुन्हा कुंचा, असं चाललेलं.

सार्जंटने आमच्याकडे बघितलं, ताण्याकडे बघितलं. त्याला बहुधा गोळी घालायची नव्हती आणि सोडायचंही नव्हतं. मग त्याने काय करावं? त्याने हिशेब केला! नरसय्याला दंडाला धरून बाजूला काढलं, त्याच्या भावाला काढलं, दत्तूला काढलं. परत मोजलं. उरलो ते पाचजण. त्याचं समाधान झालं. म्हणजे गुन्हा मिटला!

मी उठले. "मला का ठेवलंस? मीही त्या आठांत होते! मला ने!" बाहीला धरलं त्याच्या, पाचही बोटांचे खळीचे डाग उठले. तो म्हणाला, "बुढ्ढी, घर जाव." नरसय्या जाता जाता ओरडत होता, आमच्याकडे नव्हे, लेकीकडे, "लच्चू, मदला भाग बग! मदला वाळतोय!"

लच्चम्माने डोळे पुसले नाहीत, हात खळीने भरलेले होते. बापाचा कुंचा उचलला. पण चार बाया आणि एक म्हातारा! ओढ सैल पडली, ताणा लोंबायला लागला, ऊन तर भिंतीवरून उतरून रस्त्याच्या मध्यावर आलेलं. म्हातारे विणकर म्हणाले, "गेला."

बूट कोपऱ्यावर वळले, आणि समोरचं दार उघडलं. तोच मिशीवाला, कुंचा हातात. कुणाकडे न बघता आला आणि मधल्या भागाला लागला. त्याच्या मागून त्याची बायको. मग पलीकडचं दार. मग त्याच्या पलीकडचं. काल ज्यांनी तोंडावर दारं लावली तेच सगळे. एकजण दोर ओढत मोठ्याने म्हणाला, "मोज की म्हनावं आता!" गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. यातल्या निम्म्यांना पांजणीत काही काम नव्हतं, ते नुसतेच येऊन उभे राहिले. एवढी माणसं त्या हुकुमाआधी कुठल्याच पांजणीला आली नसतील.

तुम्ही विचारता ना, मस्ती कसली आली? ही अशी आली. मी तिथे हजर होते, माझ्या डोळ्यांसमोर आली.

ताणा वाचला. एकही धागा चिकटला नाही.

परत येताना

दत्तूला दोन दिवसांनी दम देऊन सोडलं, भावालाही. नरसय्याला शिक्षा झाली. जमाव जमवला म्हणून. पुढारी ठरवला त्याला, जो माणूस जेवताना मीठसुद्धा हाताच्या खुणेने मागतो! सुटेल तो दिवाळीच्या पुढे. लग्न पुढे ढकललं. मी घाबरले होते की व्याही मोडतात की काय, पण मुलाचा बाप स्वतः आला, तोही विणकरच. तो गुंडाळून ठेवलेल्या ताण्यावरून हात फिरवून म्हणाला, "चांगली झालीया पांजणी. थांबतो आमी."

राजम्माचा दीर म्हणाला होता, मी विणतो साडी. पण राजम्मा तुरुंगात भेटून आली ती कपाळावर हात मारतच. "काय म्हनलं माहीत हाय अम्मा? बायको कशी हाय इचारलं न्हाय, काय खाती इचारलं न्हाय. ताण्याला कुणी हात लावायचा न्हाय, मी येऊन इणतो म्हनलं! येऊ दे, बगते." आणि हे म्हणता म्हणता तिने ताण्यावर जुनं लुगडं पांघरलं, धूळ बसू नये म्हणून.

मी निघाले तेव्हा सगळे माग चालू होते, त्यांच्या घरचा तेवढा गप्प. लच्चम्मा टांग्यापर्यंत आली. तिला म्हटलं, लग्नाला येईन, आणि माझ्या गावच्या बायांनाही आणीन. राजम्मा आतून ओरडली, "आना की! लग्नाला माणसं लई लागत्यात!"

तर आता हे वाचून झालं की नुसतं "अरेरे" म्हणून उठू नका. तुळशीचं लग्न लागलं की मी जाणार आहे. साडी विणायला नरसय्याला आठ-पंधरा दिवस तरी लागतील, त्या आधीच पोचलं पाहिजे, म्हणजे ती मागावर असताना बघायला मिळेल. राजम्माची माडी मोठी आहे, झोपायची अडचण नाही. येताना तांदूळ आपापले आणा, भाकरीने जीव नकोसा होतो. आणि कोण कोण येणार ते मला लौकर सांगा, मोटारीत जागा धरायची आहे. चला गं. लच्चम्माला मी शब्द दिला आहे, नुसता कागदावरचा नव्हे.